रांजणाजवळ उभं राहायचं नाही

माय, तुझा रांजण मठाच्या दारातून मीच हलवला आणि त्याच्या जागी एक बोलणारा डबा ठेवला. आधी हेच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर येणारच नाही. तू असतीस तर "सरळ बोल गं, काहून पाल्हाळ लावून राहिली" म्हणाली असतीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझं ओरडणं मला अजून तोंडपाठ आहे.

तुझी बारस आठवते. एकादशीला नरसीला दर्शनासाठी आलेली माणसं दुसऱ्या दिवशी उपास सोडायला आपल्या गावच्या मठात यायची आणि त्यांच्यात निम्मं गाव मिसळायचं. तू पहाटेपासून चुलीपुढे. चुलीचं तोंड असं, की भाकरी थापणाऱ्या बाईची पाठ सदा दाराकडे. दारात तो रांजण, त्याच्या तोंडावर तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. जेवायला येणाऱ्यानं बंद मूठ लुगड्याखाली घालायची, उघडा हात बाहेर काढायचा आणि आत जाऊन पंगतीत बसायचं. कुणाच्या मुठीत ज्वारी, कुणाच्या गहू, कुणाच्या तुरीची डाळ, कुणाच्या काहीच नाही. पण मूठ सगळ्यांनी घालायची, सरपंचानंही आणि भिक्षा मागत आलेल्यानंही. दुसऱ्या दिवशी ते मिसळलेलं धान्य तू आणि डोंगरकड्याची मावशी निवडत बसायच्या. डोंगरकडा तिचं माहेर. लग्न होऊन आली तेव्हापासून गावानं तिला दुसऱ्या नावानं हाक मारलीच नाही. निवडताना तुमची सुपं कमी आणि तोंडं जास्त चालायची.

एका बारशीला मी नवा फ्रॉक घालून रांजणाजवळ उभी आहे. हातात तांब्या. येणाऱ्याला पाणी द्यायचं, असं माझं मीच ठरवलंय आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटतंय. तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठलीस आणि पिठाच्या हातानं माझा दंड धरलास. "इथं कुणी उभं राहत न्हाई." मी म्हणाले, "पण मी तर पाणी देऊन राहिले." "पाणी आत दे. रांजणाजवळ उभं राहायचं न्हाई, सांगून ठेवते." काहून, ते सांगितलं नाहीस. कारण सांगायची तुला सवयच नव्हती. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि तिचाही राग माझ्यावरच निघाला. दंडावर तुझी पिठाची बोटं उमटली होती, ती मी दिवसभर पुसली नाहीत. रुसून बसले होते.

आता ऐक. मागच्या वर्षी धाकट्या काकांचा पुण्याला फोन आला. मठाचे अध्यक्ष हल्ली तेच आहेत. "तू वेबसाइटचंच काम करतीस ना गं?" म्हणाले. मठाचे पत्रे गळून राहिले, मुठीमुठीच्या धान्यावर आता भागत नाही, येणाऱ्याच्या खिशात फोनशिवाय काही नसतं. आपली पोरं हैदराबादेत, पुण्यात, कुठं कुठं. त्यांना द्यायचं असतं, पण त्यांच्या मुठी इथवर कशा येतील? त्यांच्या या एका वाक्यानं मला भरून आलं. कंपनीचं कुठलंही काम मी इतक्या मनापासून केलेलं नाही. ट्रस्टचं पॅन, नोंदणीचं प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, सगळ्याचे फोटो काकांनी फोनवर पाठवले आणि प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा आला. पैसे वळते करणाऱ्या कंपनीनं ते परत पाठवले, आम्ही पुन्हा काढले, पुन्हा अंगठा. शेवटी जमलं. पहिल्या पानावर टाकायला तुझा फोटो शोधला. मठातला एकच सापडला, चुलीपुढचा, आणि त्यातही तुझी पाठ. तोच लावला.

मग देणगीचा फॉर्म केला. नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मोबाइल नंबर भरल्याशिवाय जाता येत नाही, रक्कम भरल्याशिवाय तर नाहीच. नीट चालतंय का बघायला मी रक्कम रिकामी ठेवून बटण दाबलं, तर खाली लाल अक्षरं आली, "कृपया रक्कम भरा." ते शब्द माझेच. बरोबर जागी उमटले म्हणून मला आनंद झाला, चहा करून प्याले. तेव्हा तू आठवली नाहीस. देणाऱ्यांची यादी करायची काकांची कल्पना, "नाव दिसलं की माणसाला हुरूप येतो." मोठी रक्कम वर, लहान खाली, ही रचना माझी. ती यादी मठातल्या टीव्हीवर फिरत राहील अशी सोय केली. आणि प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी दारात स्कॅन करायची पाटी आणि पैसे आले की मोठ्यानं सांगणारा तो डबा. रांजणानं दार अडतं, धूळ बसते, असं मीच म्हणाले आणि तो मागे गोठ्यापाशी नेऊन ठेवायला लावला.

हे सगळं बसवल्यावरच्या पहिल्या बारशीला मी मुद्दाम गावी आले. कौतुक करून घ्यायला आले होते, खोटं कशाला सांगू. डबा बोलायला लागला, "एकशे एक रुपये प्राप्त झाले," की पंगतीतली माणसं वळून बघायची. पोरं त्याची नक्कल करून हसायची. "पाचशे" ऐकलं की माना वर, "अकरा" ऐकलं की देणारा घाईघाईनं आत. हे मला दिसत होतं, पण मी व्हिडिओ काढण्यात गुंग होते. मग मावशी आली. पार वाकलीय आता. एक हात पदराखाली. नेहमीच्या सवयीनं ती रांजणाच्या जागेपर्यंत आली, मूठ पुढे केली, तर पुढ्यात पाटी. ती तशीच उभी राहिली. मागे माणसं खोळंबली. मला वाटलं आपण तिला सोडवावं, म्हणून पुढे झाले आणि म्हणाले, "मावशी, तुमी राहू द्या. तुमाला काही द्यायचं न्हाई. तुमी अशाच बसा." मोठ्यानं म्हणाले, कारण तिला कमी ऐकू येतं. त्या डब्याहून मोठ्यानं. अख्ख्या पंगतीनं ऐकलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मूठ पदरात परत घेतली. "व्हय बाई," म्हणाली, "जरा हातपाय धुऊन येते." तिचं पान वाढून झालं होतं. वरण, वांग्याची भाजी, खीर. ती आली नाही. पानावर माशा बसायला लागल्या तेव्हा कुणीतरी ते उचललं.

पुढच्या बारशीलाही ती गेली नाही. मी फोनवर विचारलं तर काका म्हणाले, "म्हातारी झाली, येत न्हाई आता." एकटीच असते, माय. रेशनचं धान्य आहे, पण हात चालत नाहीत. दुसऱ्याच्या हातचं गरम असं तिला बारशीलाच मिळायचं. ते माझ्यामुळे बंद झालं. म्हणून सुट्टी काढून तिच्या ओसरीवर जाऊन बसले. तिनं चहा केला, कान तुटलेला कप स्वतःला घेतला आणि चांगला मला दिला. मी म्हणाले, "मठात काहून येत न्हाई मावशी?"

"पाय दुखतेत."

"रिक्षा पाठवते. तुमच्याकडं कोण काय मागतंय? नुसतं येऊन जेवायचं."

"नुसतं?" तिनं कप खाली ठेवला. "नुसतं तर तुझी माय बी जेवली न्हाई कदी. तुझा बाप गेला तवा काय व्हतं तुमच्या घरात? समद्यांचा सैपाक तिनंच करायचा, तरी बी जेवायच्या आधी उठून रांजणात मूठ घालून यायची. आमी दोघी संगंच जायचो."

"काय असायचं मुठीत?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं, माय. जीभ चावली, पण उशिरा.

मावशीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "च्या गार होऊन राहिला," म्हणाली.

मी तिथून उठून सरळ मठात गेले. रांजण गोठ्यापाशी होता, त्यात म्हशीला पाजायचं पाणी भरलेलं. रिकामा केला, घासला, उन्हात वाळवला, दारात आणून ठेवला. तुझं लुगडं आता कुठून आणू, माझी ओढणी बांधली. डबा आणि पाटी काकांच्या खोलीत, टीव्हीवरची यादी बंद. काका कुरकुरले, "पैसा बराबर येऊन राहिला, मग तुला कशाची तकलीफ?" ते वाईट नाहीत. त्याच पैशातून पत्रे बदलले आणि आता दर शनिवारीही चूल पेटते. म्हणून वेबसाइट मी बंद केली नाही. नाव भरायची सक्ती तेवढी काढली. रक्कम रिकामी ठेवून चालेल का, तेही करून पाहिलं. चालत नाही. ती यंत्रणा रिकामी मूठ घेतच नाही. माझी लाल अक्षरं अजून तिथंच आहेत.

परवाच्या बारशीला पुन्हा गेले. शेजारच्या बाईकडून मावशीला निरोप धाडला होता, रांजण परत बसवलाय म्हणून. आणि ती आली. लिंबाच्या झाडाखालून हळूहळू येताना दिसली, एक हात पदराखाली. मला इतकं बरं वाटलं, की मी रांजणाशी ताठ उभी राहिले. तिला दिसावा म्हणून ओढणी सारखी केली, हसले. ती फाटकापर्यंत आली. रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, थांबली. मी हाक मारली. तिनं हातानंच "येते, येते" केलं आणि मागे वळली. मी तिथंच वाट बघत राहिले, पंगत उठेपर्यंत.

परतीच्या गाडीत, हिंगोली सुटल्यावर केव्हातरी, मी आपोआप दंड चोळत होते. तेव्हा कळलं मी कुठे उभी होते ते. तू सांगितलं होतंस. एवढंच तर सांगितलं होतंस. डबा हलवला आणि त्याच्या जागी मीच जाऊन उभी राहिले.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवीन, दुसरं कुठे पाठवायचं? येत्या बारशीला सुट्टी टाकली आहे. रांजणाजवळ जाणार नाही. चुलीपुढे बसेन, तुझ्या फोटोतल्यासारखी दाराकडे पाठ करून, आणि माझ्या भाकरी तुझ्यासारख्या गोल होत नाहीत त्याचं लोक काय ते म्हणोत. मान वळवणार नाही, एवढं कबूल. पण माय, कान दाराकडेच राहतील, त्यांचं मला काही सांगता येत नाही.