दात बघून घेतलेलं सायकलीचं दुकान

मुक्काम जबलपूर, कारखान्याच्या मागची चाळ
दिवाळीनंतरचा रविवार, सन १९४४

तीर्थस्वरूप आकाराम मामा, मुक्काम पलूस, यांच्या दोन्ही पायांवर भाचा ज्ञानू याचा डोकं टेकून नमस्कार. (उजव्या पायावर जरा हळू टेकलंय. गुडघा धरलाय असं कळलं.) बनुमामीचा खोकला थांबला का? खिलारी गाय व्याली का, आन काय झालं? मी इकडं खुशाल हाय. नुसता खुशाल न्हाई, मामा, मालक हाय!

तुमाला आठवत असंल, कोरेगावच्या बाजारात चार व्यापाऱ्यांदेखत तुमी म्हणाला होता, "ज्ञानू, ज्याच्या दारात सवताचं म्हणावं असं कुत्रं बी न्हाई, त्याला माझी अंजना मिळायची न्हाई." मी तवा मान खाली घातली, पण मनात गाठ मारली. शाळा चौथीत सुटली, तुमच्यामागं बैलांच्या बाजारात हिंडलो, मग कुंडलच्या गुऱ्हाळावर राहिलो, मग लढाई लागली म्हणून इथं कारखान्यात आलो. एका जाग्यावर बूड टिकत न्हाई म्हणून आई रडायची. आता टिकलंय. आठ सायकली, एक पत्र्याची टपरी आन वर पाटी, एवढं सगळं घेतलंय. कामगार आन शिपाई तासावर सायकली भाड्यानं नेतात. पाटीवर माझं नाव अजून यायचंय, रंगारी लष्कराच्या गाड्या रंगवण्यात गुंतलाय. पण जुनं नाव मी सवताच्या हातानं खरवडून काढलं.

दुकान होतं नानासोंचं. माणूस मूळचा वाईचा, म्हणजे आपलाच. म्हणाले, वय झालं, आता बसून खायचं. आमच्या हेडक्लार्कनं मला सल्ला दिला, की बाबा, धंदा घ्यायचा तर गिऱ्हाईक कशासाठी येतंय ते आधी आठवडाभर बसून बघ. मी म्हणालो, "सायेब, मला बाजार माझ्या मामानं शिकवलाय." त्यावर त्यानं मला हात जोडले. (तुमचं नाव घेतलं की इथं बी माणसं हात जोडतात.)

मामा, सायकलीला बी दात असतात. पायडलाजवळ चक्र असतंय, त्याला. जबडा उचकटायची गरज न्हाई, आपणहून दाखवते, लाथ मारत न्हाई. तुमी शिकवलं होतं, की झिजून बोथट झालेला दात म्हणजे म्हातारं जनावर. इथं एकेक दात चाचपला तर सुईसारखा टोकदार! मी म्हणालो, "नानासो, समदी जनावरं तरणी हायत." नानासोंनी टोपी काढून डोकं खाजवलं आन म्हणाले, "तुझी नजर लय दांडगी हाय गड्या." (पुढं कळलं, की सायकलीचं उलटं असतंय. दात झिजला की टोकदार होतो. बैलानं असली लबाडी आजवर केली न्हाई.) मग एकेक सायकल त्यांना हातात धरून चालवायला लावली आन मी मागनं चाल बघितली. तिसरी जरा लंगडत होती. लगेच भाव पाडला.

भाव तोंडानं बोलायचा न्हाई हे तर तुमचंच बाळकडू. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आन आत बोटं धरली. तेवढ्यात फाटकावरचा मिलिटरी पोलीस धावत आला. कारखान्याचा माल चोरून देतोय असा त्याला वहीम. टॉवेल उचलला तर खाली नुसते दोन हात, एकमेकांत गुंतलेले. त्यानं टॉवेल पुन्हा होता तसा नीट झाकला आन निघून गेला. मामा, आपल्या रितीचा मान जबलपुरात बी राखतात.

सौदा ठरला, चहा झाला, आन नानासो हळूच म्हणाले, "ज्ञानू, आपल्याकडं बैल इकला तरी त्याचं दावं देत न्हाईत. इकणाऱ्याच्या गोठ्याची बरकत त्यात असती." मी म्हणालो, "आवं, हे मला सांगताय व्हय? माझ्या मामानं आख्ख्या हयातीत गिऱ्हाइकाला दावं दिलेलं न्हाई. तुमचं दावं खुशाल न्या." तशी त्यांनी खिळ्याला टांगलेली काळी रबरी नळी काढली आन गळ्यात घातली. नळीच्या टोकाला हवा भरायचा पंप होता, तो बी संगं गेला. शब्द दिला म्हणजे दिला. उलट त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं आन म्हणालं, "हवा मार." मामा, तवा कळलं, की अर्धं जबलपूर या टपरीत निव्वळ वाऱ्यासाठी येतंय. लढाईमुळं इथल्या बाजारात पंप मिळत न्हाई. आन नानासो कुठं असतील? समोर, रस्त्याच्या पल्याड, चिंचेखाली पोतं टाकून, पुढ्यात पंप घेऊन. बसून खायचं म्हणाले होते, बसून खातात. माणूस सचोटीचा. माझ्या सायकलींची हवा गाववाला म्हणून अर्ध्या दरात भरतात. रोज सकाळी आठी सायकली मी रस्त्यापल्याड नेतो, जनावरं पाण्यावर न्यावीत तशा. लोक थांबून बघतात. एका माणसाच्या मागं इतक्या सायकली, म्हणजे मालकच असणार, हे कुणाला बी कळतंय. हेडक्लार्क म्हणतो, "तू दुकान घेतलंस, पण धंदा त्याच्याकडंच राहिला की." शिकलेल्या माणसांना रीतभात कळत न्हाई, हेच खरं.

तर मामा, सवताचं म्हणावं असं आता माझ्या दारात हाय. कोरेगावच्या चार व्यापाऱ्यांना हे पत्र जरूर दाखवावं, आन आपल्या शब्दाचं बघावं.

तुमचाच भाचा,
ज्ञानू
(सायकल दुकानाचे मालक)

ता. क. लग्नात जावयाला अंगठी, घड्याळ देतात. मला तसला सोस न्हाई. सांगलीच्या बाजारात हवेचा पंप मिळतो असं ऐकतो. पायानं दाबायचा असावा, नळी लांब असावी. लग्नाच्या आधी पाठवला तरी मी मानपान धरणार न्हाई.

आणखी ता. क. लपवून ठेवणं बरं न्हाई म्हणून लिहितो. नानासो पंप परत द्यायला तयार हायत, पण त्यांच्या पोरीशी, विजयमालेशी, मी लगीन करावं असं त्यांचं म्हणणं. पोरगी देखणी हाय, पंक्चर बी काढती. मी सांगितलं, आधी मामांचा शब्द. ते संक्रांतीपर्यंत थांबणार हायत.

शेवटचा ता. क. अंजना, मामांना अक्षर लागत न्हाई आन घरातली पत्रं तूच वाचतीस, हे मला ठावं हाय. हितनं पुढं मोठ्यानं वाचू नको. नानासोंना पोरगी न्हाई. दोन पोरं हायत, दोघं बी मिशाळ. तुझी मर्जी नसंल तर हे पत्र चुलीत घाल, मी समजंन. मर्जी असंल तर विजयमालेचं तेवढं मामांना आणखी एकदा वाचून दाखव, जरा सावकाश. मामा इचारतील, "शेवटी काय लिवलंय गं?" तर सांग, "लहानथोरांस नमस्कार."