आवतनातला राहिलेला देव

१२ एप्रिल
चहाचा घोट घेतला न् टाळूवरचा फोड फुटला. रक्त. भाकरी दुधात कुस्करली, तीपण घशात अडकली. तुरटीच्या गुळण्या झाल्या, सब्जा झाला. सगळ्यांचं एकच, उष्णता. कसली मेली उष्णता!
२७ ला कडावला भाचीचं लग्न. धवलारीण मीच. मांडवात धवळे गाऊन देवांना आवतन मीच द्यायचं. या तोंडानं?

१५ एप्रिल
पनवेलला तपासायला तोंडातला तुकडा काढलेला, रिपोर्ट आला. शरीर आपल्याच कातडीवर उठलंय म्हणे. घसा धरलाय, डोळेपण धरंल. डॉ.नी बजावलं, गोळ्या मधेच बंद करायच्या नाहीत.

१८ एप्रिल
मोठ्या जाऊबाई म्हणतात, लोधिवलीच्या लग्नात आवतनात तुझा एक देव राहिला, म्हणून तोंडालाच लागलं. डोंगरावरच्या देवाचं नाव घेतलं का मी? आठवतच नाय. जीव नुसता टांगणीला.
देवाला नवसाचा कोंबडा बोलले. तो देईपर्यंत औषध घ्यायचं नाय. सुनेला, रेश्माला, बोलले नाय. ती ओरडंल.

२२ एप्रिल
काल कोंबडा दिला. आज उजवा डोळा उघडेना. पापणी आत चिकटलेली. अंगात त्राण नाय.
रेश्माला गोळ्यांची पट्टी सापडली, भरलेली. वाटलं आता बोलंल. तर शेजारी बसली. "आई, देवाला मी सांगते काय ते. तुमी गोळी घ्या."
घेतली. रडले.

२३ एप्रिल
डॉ. लय चिडले. दाखल केलं. लग्नापुरतं सोडा म्हटलं, तर म्हणाले नजर जाईल.
धवळे आता रेश्मालाच म्हणावे लागतील. कडवी अर्धीमुर्धी येतात तिला. शिकवू कुठं? मांडवाबाहेर धवळे म्हणत नाहीत. सासूनं मलापण मांडवातच शिकवले.

२७ एप्रिल
एका डोळ्यानं लिहितेय. ओळी वाकड्या.
रेश्माचा फोन आला, मांडवातून. तिनं कानाला लावलेला. म्हटलं, फोन मांडवात हाय म्हणजे मीपण मांडवातच. मी हळू म्हणायची, ती मोठ्यानं. काय गळा हाय पोरीचा! मला कधी कळलाच नाय.
एकेक देव घेत आवतन आलं डोंगरावरच्या देवापाशी. न् माझा आवाजच बसला. नुसती हवा. रेश्मा थांबली. "आई? पुढं कोण?"
तोंड हलवत राहिले. तिकडं बँड सुरू झाला, फोन कटला.
तिनं घेतलं का नाव? कितीदा लावला. उचलत नाय.