दुधाचा ताप

६ नोव्हें.
दवाखान्यातून माहेरी आले. तलमडुगूच्या पुढे रस्ता असा, की टाक्यांना प्रत्येक खड्डा कळला. लेक मात्र वाटभर झोपून. नाव अजून नाही, तोवर ठमी. आईने बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपांचा धूर. घामाघूम झाले. तरी बरं वाटलं. घरी आल्यावर सगळंच बरं वाटतं.

८ नोव्हें.
खाणं एके खाणं. डिंकाचा लाडू, मेथीचा लाडू, तूप-सुंठ. पाणी मात्र घोटभर. आई म्हणते, "पोट सुटते बाई." मी तांब्या उशीमागे लपवते.

पॅड संपले. आईने जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्या, मऊसूत. धुते तीच. वाळवते आतल्या खोलीत, कापसाच्या ढिगामागे, वरून साडी टाकून. नर्सने बजावलं होतं, कापड घ्यायचं तर उन्हात वाळलेलं. आईला म्हटलं तर, "अंगनात मानसं कापूस घेऊन येतात-जातात. पाहतीन ना." आयतं मिळतंय, गप्प बसले.

११ नोव्हें.
धुतलेल्या घडीला कुबट वास. जरा ओलसरही. आई म्हणते, "बाळंत होऊन नाक लई मोठं झालं तुहं." हसलो दोघी. तीच घडी घेतली.

१३ नोव्हें.
सकाळपासून हुडहुडी, अंग तापलेलं. ओटीपोट दुखतंय. आणि वास. आता कापडाचा नाही, माझाच.
आई: "दूध उतरलं का येतोच ताप. दुधाचा ताप म्हनतात त्याले. जाते निघून."
पण छाती मऊ आहे, ठमी पोटभर पिते. मग दूध कशाला ताप देईल? ताप आला, वास आला तर वाट पाहू नका, हेही नर्स म्हणाली होती. भीती वाटतेय. मला काही झालं तर ठमीला कोण… नको.

संध्याकाळ.
बाबांनाच सांगितलं. ते अंगणात, ऑटोत कापूस भरून निघायच्या बेतात. "बाबा, मले ताप आला. दवाखान्यात न्या."
आई मागून, "मानसाले सांगतात का असं?"
बाबा वळले. भरलेला कापूस उतरवायला लागले.

१४ नोव्हें.
डॉ. बाई तेलुगूत बोलतात, मधेच हिंदीत. गर्भपिशवीत जंतू झालेत म्हणाल्या. "अच्छा हुआ, जल्दी आए." ठेवून घेतलं. सलाईन, इंजेक्शनं. ठमीला पाजायला हरकत नाही. आधी तेच विचारलं मी.
हे इचोड्याहून दुकान बंद करून आले, पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स घेऊन. "पाणी प्यायले सांगतलं ना?" दवाखान्यात नळ आहे. वेडा माणूस. फार आवडतो मला.

१७ नोव्हें.
घरी. ताप नाही, भूक दुप्पट. अंगणात ताडपत्रीशेजारी नवी दोरी, भर उन्हात. बाबांनी बांधली. आईने उकळलेल्या घड्या वाळत घातल्या, वर साडी नाही. वेचणीच्या बायांतल्या एकीने विचारलंच, "काऊन वो, हे असं उघड्यावर?"
आई: "लेकीचं हाय. उन्ह लागते त्याले." आणि तोंड लाल करून आत पळाली. हसून हसून टाके दुखले माझे.

२० नोव्हें.
दुपारी आई ठमीला तेल लावत होती. मी गोळी घेतली. वर न बघता म्हणाली, "तू झाली तवा मलेबी ताप आल्ता. लई दिवस. वासबी असाच. तुही आजी म्हने, दुधाचा हाय."
तिने ठमीला पालथं केलं, पाठीला तेल लावलं.
"मंग पुढं दिवसच नाही राह्यले."
मी एकुलती. तिचे उपास, आजीचे टोमणे, सगळं पाहत मोठी झाले. देवाने दिलं नाही, एवढंच ती म्हणत आली.
मग तिनेच विचारलं, "त्या तापानंच झालं असन का गं?"
मला माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.
उद्या मला दाखवायला जायचंय. डॉ. बाईंना विचारावं का? हो म्हणाल्या तर आईने काय करायचं त्याचं, इतक्या वर्षांनी?
ती म्हणते, मीबी येतो. चांगलं लुगडं काढून ठेवलंय तिने.