भुकेचं वर्ष आणि माझं बीपी

४ मार्च

नापास! या वयात, आणि तेही डॉक्टरच्या परीक्षेत. कंपनीच्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला, आणि माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच यंत्र बिघडवलं. बीपी वर. उद्यापासून क्रेनवर चढायचं नाही. धक्क्यावर जहाजं लागतच राहणार, माझ्या केबिनमध्ये दुसरा कुणी बसणार. मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं की दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, तोवर गोदामात बसा. आणि तेव्हाही वरच असलं तर? तर गोदामच, कायमचं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, रागामुळे. लग्नापासून तिचं प्रत्येक दुखण्यावर हेच निदान आहे. ताई मात्र उठली, आत गेली आणि मिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आली.

५ मार्च

जेवण अळणी. बोलण्यासारखं काही नाही.

९ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण घाईच्या नाहीत. गोळी लिहायच्या आधी जन्मसाल विचारलं, आणि सांगितल्यावर लिहिता लिहिता थांबल्या. दुष्काळ पडला तेच ना, म्हणाल्या. म्हटलं, तेच. आईला दिवस गेले तेव्हा सुरू झाला, मी रांगायला लागल्यावर संपला. मला त्यातलं काही आठवत नाही, सगळं ऐकीव.

मग त्यांनी नीट समजावलं. पोटात असताना किंवा लहानपणी ज्यांची उपासमार झाली, त्यांच्यात मोठेपणी बीपी जास्त आढळतं म्हणे. प्रत्येकाला होतंच असं नाही, आणि माझं त्यामुळेच आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. पण शरीर तेव्हा काटकसर शिकतं आणि पुढे ताट भरलं तरी ती सवय सोडत नाही.

मी तर खूशच झालो! म्हणजे राग नाहीच! चपला काढायच्या आत बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, बीपी दुष्काळाचं. मग राग कुणाचा?" 

१२ मार्च

ताईने शिवणाच्या पैशातून बीपीचं यंत्र आणलं! मी म्हटलं कशाला एवढा खर्च, तर म्हणाली, गप बस आणि बाही वर कर. आता रोज चहाच्या आधी खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. आकडा दिसला की ती तो मोठ्याने वाचते, शाळेत हजेरी घेतात तशी. आज वरच होता. मोजताना नेमकी बायको हसली, म्हणून असेल.

मेहुणे गेल्यावर ताई आमच्याकडे राहायला आली, म्हणजे तिच्या भाषेत ‘चार दिवस’. बरं झालं ती गेली नाही. खरंच बरं झालं.

२० मार्च

आज बरण्यांवरून बाचाबाची. हिवाळ्यात ताईने खारवलेली मासळी भरून ठेवली होती, अख्खी फळीभर. मला तर आता तिचा वासही घ्यायचा नाही. बायको म्हणाली, शेजारी देऊन टाकू. ताई अशी तडकली! घरातलं अन्न उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिचा कायदा. फेकणं तर दूरच. शेवटी तिनेच तोडगा काढला: "त्याच्या डोळ्यांसमोर नको. मी संपवते." स्वयंपाकघराचं दार लोटून आत उभ्या उभ्या खाते. आम्ही बाहेर हसतो. मी ओरडून विचारलं, कशी झालीये? आतून उत्तर आलं, तुला काय करायचंय!

२ एप्रिल

आकडा उतरतोय. गोदामात कंटाळा. माझ्या क्रेनवरचा नवा पोरगा खोके असे आदळतो की गोदामात ऐकू येतं.

आज ताईला त्या वर्षाचं विचारलं. एरवी विषय काढला की ती उठून जाते. आज हातात सुई होती म्हणून बसून राहिली असेल. ती नऊ वर्षांची होती. आईला दूध येईना. रांगेत उभं राहून पाव मिळायचा, वाळलेला. तो ताई चावून चावून मऊ करायची आणि माझ्या तोंडात घालायची. मी म्हटलं, मग मी रडायचो का गं?

"रडत नव्हतास. त्याचीच तर भीती वाटायची."

आणि तू काय खायचीस, विचारलं. म्हणाली, माझं काय, मी मोठी होते.

नऊ वर्षांची! मी आहे तो तिच्यामुळे आहे. तोंडावर बोललो असतो तर तिने वेड्यात काढलं असतं, म्हणून इथे लिहितो.

१९ एप्रिल

आकडा चांगला. ताईने दोनदा मोजला, विश्वास बसेना म्हणून.

६ मे

पास! डॉक्टरने पाठ थोपटली. क्रेनची किल्ली हातात देताना मुकादमाचे दात दिसत होते. शिडी चढताना मध्ये एकदाही थांबलो नाही. वर बसलो, काच पुसली. पहिला खोका असा अलगद ठेवला की खालच्याला कळलंही नसेल.

आज सगळ्यांचेच उपकार वाटतायत. डॉक्टरीणबाईंचे, गोळ्यांचे, बायकोचे (हे तिला सांगायचं नाही), आणि ताईचे तर किती म्हणून मानायचे. तिने मला दोनदा वाढवलं. घरी आलो तर शेवटची बरणी धुऊन उन्हात पालथी घातलेली. संपवली बाई! डोकं जड आहे म्हणाली आणि लवकर पडली.

९ मे

सकाळी मला पट्टा बांधून बटण दाबता दाबता ताईचा हात लुळा पडला. आकडा वाचायला गेली तर शब्दच फुटेना. उचलून तसंच दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलंत, बोलायला लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. देवासारख्या धावून आल्या. मग विचारलं, यांचं बीपी एरवी किती असतं?

माझे दोन महिन्यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत. ताईचा एकही माहीत नाही.