तळहाताला लागलेला वास

आये, काल इथे एका विधवेनं भर खानावळीत केसांत फूल माळलं आणि उभं राहून गाणं म्हटलं. मी अजून हादरलेली आहे, म्हणून तुला लिहायला बसले. आपल्या बोलीत लिहायला गेले तर हात अडखळतो, तेव्हा शाळेतल्या मराठीत लिहिते. हसू नको.

मी कुठे आहे ते तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर घोवाच्या मागून वेंगुर्ल्याहून थेट लिस्बनला आले. त्याला इथल्या एका हॉटेलात स्वयंपाक्याची नोकरी होती, आता त्याच भटारखान्यात मी कांदे चिरते. हे शहर म्हणजे सगळं चढउतारावरचं, समोर खाडीएवढी रुंद नदी. पहिले कित्येक महिने मी नुसती आ वासून चालत होते. आपल्याला देवघरालासुद्धा परवडली नसती इतकी सुंदर निळी फरशी इथे रस्त्यावरच्या भिंतींना लावतात, आणि पाऊस तिच्यावरून खुशाल वाहत जातो! खिडकीला ही माणसं तुझ्यासारखंच जनेल म्हणतात. उन्हाळ्यात दारादारात शेगड्या पेटवून तारले मासे भाजतात. वास आला की वाटतं बंदरावरच उभी आहे. पण नुसतं मीठ गो! ना तिरफळ, ना कोकमाचं आगळ. पहिला घास घेतला तेव्हा मला रडूच आलं.

माझा घोव मागच्या थंडीत गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि आटोपलंच. इथे कोण मला सांगायला बसलं होतं? तरी मी आपणहून कुंकू पुसलं, फुलं सोडली. बाबा गेल्यावर तुला तशीच बघत तर वाढले होते. खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते, तीही विधवा. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, बारा महिने. इथल्या जुन्या बायका तशाच राहतात. मला केवढा धीर आला होता! म्हटलं, एवढ्या लांब येऊनही आपल्यातलंच कुणीतरी शेजारी मिळालं.

आणि काल तिनंच माझी दाणादाण उडवली. इथे जूनमध्ये त्यांच्या एका संताचा सण असतो. गल्लीभर पताका लागतात, आणि कुंड्या विकायला येतात. कसल्या म्हणशील? तुळशीच्या! पान बारीक, झाड चेंडूसारखं गोल, पण वास थेट आपल्या खळ्यातल्या वृंदावनातला. वर खोचलेलं कागदाचं लाल फूल. आणि ही तुळस प्रेमात पडलेली पोरं एकमेकांना देतात! मी तर कपाळावर हातच मारला. म्हातारीनं एक कुंडी माझ्या हातात ठेवली. मी वाकून हुंगायला गेले तशी ओरडली, "नाक नको लावू, मरेल ती!" मग तिनं तळवा पानांवरून हलकेच फिरवला आणि तो माझ्या नाकाशी धरला. आये, मी जागच्या जागी थिजले. असा हुंगलेला हात मी पूर्वी एकदा पाहिला होता.

मी तेव्हा लहान, शिमग्याच्या आधीचे दिवस. तू पहाटे सुरंगीच्या कळ्या आणायचीस आणि उन्हं चढून त्या फुलायच्या आत केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवायचीस. अख्ख्या बाजारातल्या बायकांच्या अंबाड्यावर तुझे वळेसर, आणि तुझा अंबाडा कायम उघडा. त्या दुपारी ओवता ओवता तुझा डोळा लागला. मी एक वळेसर तुझ्या अंबाड्यावर गुंडाळला. मला काय कळत होतं तेव्हा! तू उठलीस ती तशीच कळशी घेऊन विहिरीवर गेलीस. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, ते मला घरातूनही कळलं. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता. "कोणी माळल्यान ह्या? लोक काय म्हणतले गो? शिरा पडली तुज्या तोंडार!" वळेसर ओढून काढलास आणि तुळशीला घातलास. मी रडत विचारलं, तिला कसा चालतो? "तिका चलता. माका नाय." मग खळ्यात पाठमोरी बसलीस, आणि मी दाराआडून बघते तर तू तळवा अंबाड्यावर दाबून हळूच नाकाशी नेतेयस. पुन्हा पुन्हा. फुलं तुळशीवर होती, वास तुझ्या केसांत राहिला होता.

काल संध्याकाळी म्हातारी मला कोपऱ्यावरच्या खानावळीत घेऊन गेली. इथलं एक जुनं गाणं आहे, फादो म्हणतात. दिवे मंद करतात, जेवणारी माणसं काटे-चमचे खाली ठेवतात. मला वाटलं, ऐकायला आलोय. तर हीच उठली! जाता जाता टेबलावरच्या कुंडीतलं कागदी फूल उपटलं, पांढऱ्या केसांत खोचलं, आणि डोळे मिटून अशी गायली की माझ्या अंगावर शहारे आले. शब्द निम्मेही कळले नाहीत. भोवतालची माणसं मात्र डोळे पुसत होती. एकाही बाईनं नाक मुरडलं नाही. मी दाराकडे बघत होते, आता कोणीतरी येऊन हिला ओढून नेईल म्हणून.

परत येऊन बसली आणि ते फूल तिनं माझ्यापुढे धरलं. मी दचकून मागे सरले. मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, नवरा गेलाय, आमच्यात चालत नाही. तर मला म्हणते, "त्याला आवडायचं नाही का?"

काय सांगू? तुझ्याकडूनच वळेसर विकत घेऊन माझ्यासाठी आणायचा तो. मी कसंबसं म्हटलं, आवडायचं. तिनं आपल्या काळ्या बाहीला हात लावला, "हे त्याच्यासाठी." मग फूल दाखवलं, "हे माझ्यासाठी." आणि भर लोकांत ते माझ्या अंबाड्यात खोचलं. मी नको नको म्हणत राहिले, पण मान हलवली नाही. मला तुझा भयंकर राग आला, आये. आणि तुझ्यासाठी इतकं वाईट वाटलं की खानावळीत तोंडात पदर कोंबून रडले.

हे पत्र कुठे टाकणार? कुंडीच्या बशीखाली घडी घालून ठेवते, पाणी घालताना भिजेल तेवढं भिजेल. तुला सांगणार होते की फूल घरी येताच काढलं. नाही काढलं. कागदाला कसला वास, तरी सकाळपासून अंबाड्याला हात लावून तळवा हुंगते आहे.