नाझनीनच्या शेवटच्या चाळीस अंडपेशी

१२ नोव्हें., मंगळ.

नाझनीन पुन्हा रडली. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या पोरींना दुसरं काही येतं की नाही, कोण जाणे. शेळीच्या कच्च्या अंडपेशी लॅबमध्ये पिकवते. एका बशीत अँटिऑक्सिडंट घालून, दुसरी कोरी. घातलेल्या बशीत जास्त पिकतात, असं तिचं म्हणणं. दोनदा दाखवलं. म्हटलं, तिसऱ्यांदा दिसलं तर मुदतवाढ, नाहीतर गावी, भाट्याला, घरी बसायचं. "दाखवते सर." नाक ओढत.

१४ नोव्हें., गुरु.

नाझनीन बाईसाहेबांना ताप. मुहूर्त बरा साधला. खाटकाकडे मलाच जावं लागलं. रहीमचाचांनी अंडाशयं थर्मासात घातली, कोमट मिठाच्या पाण्यात. "सर, गरम ऱ्हायला पायजे हां. पोरीन धा येळा सांगितलान हाय."

मला शिकवतोय! तीस वर्षं यातच गेली माझी.

येताना जेटीवर थांबलो. सुरमई अशी की सोडवेना. बर्फाची पेटी डिकीत असतेच. थर्मास आडवा पडेल म्हणून त्याच पेटीत, सुरमईशेजारी रोवला. थर्मासचं झाकण नीट बसलं नव्हतं. लॅबमध्ये उघडला तर आत बर्फाचं पाणी. एवढी थंडी या पेशींना सोसत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल.

पाणी बदललं, पुन्हा कोमट केलं. दुपारी नाझनीन तापातच आली. थर्मास तिच्या हातात दिला. बर्फाचं सांगितलं नाही.

१५ नोव्हें., शुक्र.

दोन्ही बशा गेल्या. चाळिसातल्या तीन पिकल्या. अँटिऑक्सिडंट घातलेली आणि कोरी, फरक शून्य.

"सर, दोन्ही बशांचा द्रव बनवताना माझंच चुकलं असेल. तापात होते."

"असेल."

इतकं सोपं जाईल वाटलं नव्हतं. सुरमई फर्मास झाली होती. लाजही वाटली. जेवल्यावर वाटली, आधी नाही.

१८ नोव्हें., सोम.

मुदतवाढीचा फॉर्म आज जायचा. माझा शेरा हवा. 'अँटिऑक्सिडंट निरुपयोगी, विषय बंद करावा' असं लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. त्यात कुणाचंच नाव येत नाही, माझंही.

नाझनीन आली. डोळे कोरडे. मला ते आवडलं नाही.

"सर, माझ्या हातून चुकलं असं लिहा. पण अँटिऑक्सिडंटचा उपयोग नाही असं नका लिहू. मी जाते. मागून येईल तिला तरी करू दे."

"तुला पुढे कुठे घेणार नाहीत, कळतंय ना?"

"कळतंय."

बाहेर बस म्हटलं. बसलीय बाकावर, फॉर्मची झेरॉक्स हवी म्हणून. तास झाला. फॉर्म पुढ्यात आहे. तिचं नाव लिहून झालं, पुढे 'यांच्या' लिहिलं आणि आता 'हातून चुकलं' येतं, की 'अंडपेशी माझ्या बर्फात गेल्या'? दोन्ही बसतं.