झाडाखाली पडलेला माणूस

फिलाडेल्फिया, १४ जून १९७६

प्रिय लेटी आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. चर्चच्या प्रदर्शनासाठी पदक चकचकीत करून पाठव म्हणालीस, पण मी ते पुसलेलं नाही. आमच्या नाण्यांच्या दुकानात जुन्या चांदीला फडकं लावणं म्हणजे पाप. भिंगाखाली मात्र धरलं आणि मन खट्टू झालं.

आपले पूर्वज कॅप्टन रँकिन यांना किटॅनिंग गाव जाळल्याबद्दल मिळालेलं पदक ते हे नव्हे. पदकावरच्या जळत्या घरांभोवती चांदीवर बारीक पुरळ आलंय. पदक पाडायचा पोलादी ठसा वर्षानुवर्षं पडून गंजला, की त्यातून निघालेल्या पदकावर असे फोड उमटतात. म्हणजे त्याच ठशातून कुणीतरी खूप नंतर हे पुन्हा पाडलं. अस्सल कुठे गेलं, देव जाणे.

फोटो काढून ठेवलाय, पदक सोबत परत पाठवतोय. रागावू नकोस. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझा,
ड्युई

कार्लाइल, ६ जुलै

चि. ड्युईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी पिठाच्या डब्याखाली सरकवलं. पेपरात पदकाची बातमी येऊन गेली होती, आता कुठल्या तोंडानं सांगणार? पदक काचेखाली ठेवलं, चिठ्ठी तीच: ‘अस्सल, १७५६’. लेमनेड वाटत कॅप्टनच्या गोष्टी सांगत राहिले.

रविवारी ओक्लाहोमाहून बर्निस सेकंडाइन म्हणून एक बाई आल्या. लेनापे, इथल्या मूळच्या आदिवासी जमातीच्या. किटॅनिंग त्यांच्याच लोकांचं. बराच वेळ वाकून बघत होत्या. मग विचारलं, की पदकावर हा झाडाखाली पडलेला माणूस कोण, त्याचं नाव ठाऊक आहे का. मला कॅप्टनच्या घोड्याचं नावसुद्धा पाठ आहे, रे. या माणसाला नाव असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. पटकन म्हणून गेले, की हे पदक तसं खरं नाहीच, नंतर पाडलेलं आहे. सुटका शोधत होते, दुसरं काय.

त्या शांतपणे म्हणाल्या, “नंतरचं का असेना, गाव आमचंच जळतंय ना?”

घेऊन जा म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, “हे आमच्या घरात कशाला?” लेमनेड मात्र घेतलं, आभारही मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतके दिवस पदक खोटं म्हणून तोंड लपवत होते. आता, ते खरं असावं असं आयुष्यभर वाटत आलं, त्याचीच लाज वाटते. जुनी चिठ्ठी काढलीय. नवी लिहायला बसते आणि पहिल्याच ओळीला अडते. तू शिकलेला, ये आणि सांग.

तुझी,
लेटी आत्या

फिलाडेल्फिया, ९ जुलै

प्रिय आत्या,
शि. सा. न.

शिकलेला खरा. पदक तासभर भिंगाखाली होतं माझ्या. फोड न् फोड पाहिला. तुझं पत्र आल्यावर तो फोटो घेऊन बसलो, तेव्हा तो माणूस पहिल्यांदा दिसला. त्याचा एक हात वर आहे.

पुढच्या शनिवारी येतो. बर्निसबाईंचा पत्ता मिळवून ठेव. चिठ्ठीवर काय लिहावं ते त्यांनाच विचारू. उत्तर नाही आलं, तर काच रिकामी राहू दे.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
ड्युई